घरातील वाचन : कठीण पाने वगळावीत का?

मूल स्वतःचे स्वतः वाचू लागले, की आपण त्याला वाचून दाखवणे बंद करतो. ‘आता तो तिसरीत गेला, त्याचे तो वाचील,’ असे म्हणून आईवडील मोकळे होतात. वास्तविक सात-आठ वर्षांच्या मुलाला जेवढे वाचता येते, त्याच्या कितीतरी पुढचे ऐकून समजते. वाचताना त्याची निम्मी शक्ती जोडाक्षरांत खर्च होते. ऐकताना मात्र ते तीनशे पानांच्या कादंबरीत महिनाभर रमते, कोण कोणाशी का रुसले ते लक्षात ठेवते आणि आपण एखादे वाक्य गाळले तर ते लगेच पकडतेही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्या सर्वांच्याच घरी शाळा भरू लागली. प्राथमिक वर्गांतील मुले जवळजवळ दोन शैक्षणिक वर्षे घरीच शिकली. आमची थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती, धाकटा सहाचा. मोबाइलवरचे तास आटोपले तरी दिवस उरत असे. तेव्हा आम्ही उभयतांनी ठरवले, की संध्याकाळची जपमाळ झाल्यावर अर्धा तास मुलांसाठी लिहिलेली एखादी जुनी, नावाजलेली कादंबरी मोठ्याने वाचायची. आजी-आजोबाही ऐकायला बसत. पुढे शाळा उघडल्या, पण ही प्रथा राहिली. धर्मग्रामातील काही पालक तिच्याविषयी विचारतात आणि त्यांचा एक प्रश्न नेहमीचा असतो : या पुस्तकांत मृत्यू असतो, दारिद्र्य असते, माणसांविषयी वाईट बोललेले असते, मग ती पाने वगळावीत का? आमच्यापुरते त्याचे उत्तर येथे देत आहोत.

घर हीच शाळा

घरी शिकणे आणि घरी ऐकणे या गोष्टी नव्या नाहीत. बाळ येशूची संत तेरेजा (१८७३–१८९७) साडेआठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेली नव्हती. आई वारल्यावर हे कुटुंब १८७७ मध्ये फ्रान्समधील लिझ्यू या गावी आले आणि तेथे तिची बहीण पोलीन तिला घरीच शिकवू लागली. संध्याकाळी थोरल्या बहिणी वाचत आणि तेरेजा वडिलांच्या मांडीवर बसून ऐकत असे. आधी उपासना-वर्षावरील ग्रंथातील काही पाने, मग एखाद्या मनोरंजक पुस्तकातील. हे तिनेच आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. तिच्या आईवडिलांना, लुई व झेली मार्टिन यांना, २०१५ मध्ये संत म्हणून घोषित करण्यात आले. त्यांच्या घरातील भक्तीविषयी आपण पुष्कळ ऐकतो, या वाचनाविषयी थोडे.

त्याच काळात इंग्लंडमध्ये शार्लट मेसन (१८४२–१९२३) या शिक्षिकेने घरी शिकणाऱ्या मुलांचा बारकाईने विचार केला. त्यांचे ‘होम एज्युकेशन’ हे पुस्तक १८८६ मध्ये निघाले. मुलांना सारांश काढलेली, कोरडी पुस्तके देऊ नयेत. ज्याला विषयाची आवड आहे अशा एकाच लेखकाने जीव ओतून लिहिलेले पुस्तक द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. दुसरे त्यांनी असे सांगितले, की उतारा एकदाच वाचावा आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगावा. मध्ये टोकू नये. आज जगभर जी कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरी शिकवतात, त्यांतील अनेकजण मेसनबाईंची ही रीत पाळतात. आपल्या देशात अशी कुटुंबे थोडी आहेत आणि त्यांची मुले पुष्कळदा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा देतात. आपली मुले शाळेत जात असली तरी ही रीत घेण्यासारखी आहे. आमच्याकडे ती आपोआपच आली. आजी स्वयंपाकघरात असल्यामुळे तिचे अर्धे प्रकरण नेहमी हुकायचे. मग जेवताना धाकटा तिला सगळे सांगायचा. तो काय सांगतो आणि काय गाळतो, यावरून त्याला कुठे भीती वाटली तेही आम्हाला कळत असे.

मोठ्याने वाचायला जुन्या कादंबऱ्याच का, असेही कोणी विचारतात. एकोणिसाव्या शतकात घरोघरी दिव्याभोवती बसून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे ही रीत होती. डिकन्सच्या कादंबऱ्या दरमहा हप्त्याहप्त्याने निघत आणि कुटुंबे त्या अशाच ऐकत. त्या रीतीत लिहिलेल्या पुस्तकांची प्रकरणे बेताची असतात, वाक्ये तोंडात बसतात आणि प्रत्येक प्रकरणात काहीतरी घडते. आताची कित्येक बालपुस्तके चित्रांवर उभी असतात. ती डोळ्यांनी बघायला चांगली, पण आवाजात वाचली की पाच मिनिटांत संपतात.

मेरी आणि तिची आया

आमचे दुसरे पुस्तक होते फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांचे ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११). सत्तावीस प्रकरणांचे हे पुस्तक सुरू होते ते हिंदुस्थानात. मेरी नावाची नऊ-दहा वर्षांची गोरी मुलगी आयेच्या हाती वाढलेली आहे. आईला ती नकोशी आहे, वडील सरकारी कामात. पटकीची साथ येते. आधी आया मरते, मग आईवडील. उरलेले नोकर पळून जातात आणि त्या गोंधळात मुलगी बंगल्यात आहे हेच सारे विसरतात. नंतर तिला इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, काकांच्या शंभर खोल्यांच्या वाड्यात पाठवतात. तेथे दहा वर्षे कुलूप लावून ठेवलेली एक बाग आहे आणि एका खोलीत स्वतःला आजारी समजून कोंडून घेतलेला कॉलिन नावाचा मुलगा आहे.

टाळेबंदीत घरात अडकलेल्या मुलांना ही गोष्ट लगेच आपली वाटली. साथ, रिकामे रस्ते, बंद दार, कोंडलेला मुलगा. यातले काहीच समजावून सांगावे लागले नाही.

अडचण वेगळीच होती. सुरुवातीच्याच प्रकरणांत मेरी आयेला शिव्या देते, तिच्या तोंडात मारते, आणि ते लेखिकेने अगदी सहज लिहिले आहे. पुढे यॉर्कशायरमधील मार्था ही मोलकरीण भोळेपणाने म्हणते, की तू हिंदुस्थानातून येणार म्हणून मला वाटले तू काळी असशील. त्यावर मेरी संतापाने थयथयाट करते. नेटिव्ह म्हणजे माणसेच नव्हेत, ते सलाम करणारे नोकर, असा तिच्या बोलण्याचा सूर आहे. आता हे आपल्या तोंडाने आपल्या मुलांना वाचून दाखवायचे. इंग्रजीतून मराठी करत वाचत असल्यामुळे चार ओळी गाळणे अगदी सोपे होते; कोणाला पत्ताही लागला नसता.

आम्ही गाळले नाही. थोरलीने विचारले, ‘नेटिव्ह म्हणजे आपणच ना?’ हो म्हटले. ‘मग हे पुस्तक आपण का वाचतोय?’ प्रश्न रास्त होता. आम्ही एवढेच सांगितले, की मेरीला तिच्या घरात जे ऐकू आले ते ती बोलते. पुढे तिचे काय होते ते बघू. आजोबांनी मात्र पुस्तक बाजूला ठेवायला लावले आणि साहेबांच्या राज्यात आपल्या माणसांना कसे वागवत, याविषयी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी पुस्तकाचे पान उलटलेच नाही.

तेराव्या प्रकरणात आम्हाला त्या न गाळलेल्या ओळींचा उपयोग कळला. मध्यरात्री मेरी आणि कॉलिन प्रथमच भेटतात. कॉलिनला झोप येत नाही. तेव्हा मेरी म्हणते, माझी आया हिंदुस्थानात करायची तसे करते. आणि त्याचा हात थोपटत, कुरवाळत, हळू आवाजात हिंदुस्तानीतले एक गाणे गुणगुणते. तो मुलगा झोपी जातो. ज्या बाईला तिने मारले होते, त्या बाईची माया तिच्या हातात शिल्लक होती. साऱ्या वाड्यात त्या मुलाला शांत करणारी तेवढी एकच गोष्ट ठरली. आयेचे नाव पुस्तकात ओझरतेच येते, सैदी. थोरलीने ते लक्षात ठेवले होते. ‘सैदीचं गाणं’, ती म्हणाली.

लेखिकेने हे दोन प्रसंग मुद्दाम असे समोरासमोर ठेवले का, ते सांगता येणार नाही. पुस्तकात पुढे त्या आयेची कोणी दखल घेत नाही आणि मेरीला कधी पश्चात्ताप झाल्याचेही लिहिलेले नाही. आमच्या मते हा पुस्तकातील मोठा उणेपणाच आहे, आणि तसे आम्ही मुलांना सांगितले. पण पहिले पान गाळले असते तर तेराव्या प्रकरणातील गाणे नुसते गाणे राहिले असते.

डिकनची भाषा

पुस्तक कोणत्या भाषेत वाचावे हा आपल्या वसईतील घरांचा खराच प्रश्न आहे. मुले इंग्रजी माध्यमात, आईवडील मराठीत शिकलेले आणि आजी-आजोबा घरच्या बोलीत बोलणारे. आमच्याकडे एकाने इंग्रजी परिच्छेद डोळ्यांखालून घालायचा आणि मराठीत सांगायचा, असे चालते. सुरुवातीला अडखळायला होते. महिन्याभरात जीभ सरावते. मुलांच्या मराठीला त्याचा फार फायदा झाला, कारण ‘खिन्न’, ‘हुरूप’, ‘अवघडून बसणे’ असे शब्द शाळेच्या मोबाइलवर त्यांना कोण ऐकवणार होते?

या पुस्तकात तर भाषेचा एक गोड पेच आहे. मार्थाचा भाऊ डिकन हा रानावनात फिरणारा, पाखरांशी मैत्री करणारा मुलगा. तो यॉर्कशायरची खेडवळ बोली बोलतो. आधी सगळ्यांना तुच्छ लेखणारी मेरी पुढे ती बोली मुद्दाम शिकते, कारण डिकन तिला आवडतो. मराठीत डिकनने काय बोलावे? पुस्तकी मराठी त्याच्या तोंडी शोभेना. शेवटी आम्ही त्याला कादोडी दिली. आजीला एवढे हसू लोटले, की तिने हातातली वालाच्या शेंगांची परडी खाली ठेवली. मग डिकनची वाक्ये तीच दुरुस्त करून देऊ लागली. आमची कादोडी तिला कच्ची वाटते. मुले घरी कादोडीत विचारले तर मराठीत उत्तर देत असत. डिकनशी बोलायचे म्हणून दोघेही ती बोलू लागली. हे काही आम्ही योजून केले नव्हते.

चौघी बहिणींचे घर

२०२० च्या नाताळात आम्ही लुइझा मे ऑल्कट यांची ‘लिटल विमेन’ घेतली. मराठी वाचकांना ही कादंबरी शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे परिचयाची आहे. तिची सुरुवातच भेटवस्तू नसलेल्या नाताळाने होते आणि त्या वर्षी ते सगळ्यांनाच पटले.

ही कादंबरी एका घरी शिकलेल्या, घरी ऐकलेल्या कुटुंबातून आलेली आहे. लुइझाचे वडील ब्रॉन्सन ऑल्कट हे शिक्षक होते. शिक्षणाविषयीचे त्यांचे विचार लोकांना फार पुढचे वाटले आणि बोस्टन शहरातील त्यांची शाळा चालली नाही. चार मुलींना त्यांनी बहुतांशी घरीच शिकवले. जॉन बन्यन यांचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) हे त्यांचे आवडते पुस्तक. ते त्यांनी मुलींना वाचून दाखवले आणि मुली त्यातील यात्रेचा खेळ खेळत. ‘लिटल विमेन’मधील कित्येक प्रकरणांची नावे तेथूनच घेतली आहेत. बन्यनच्या पुस्तकाचे ‘यात्रिक क्रमण’ हे हरि केशवजी यांनी केलेले मराठी भाषांतर १८४१ मध्येच निघाले होते, म्हणजे ऑल्कटबाईंची कादंबरी लिहिली जाण्याच्या सत्तावीस वर्षे आधी. त्या पुस्तकात पोपमहाशयांना म्हातारा, सांधे आखडलेला राक्षस करून बसवले आहे, हेही आपण जाणून असावे.

ऑल्कटबाईंच्या घरात मात्र वारा थोडा वेगळा होता. कादंबरीतील मार्चकाकूकडे एस्थर नावाची फ्रेंच कॅथलिक दासी आहे. धर्म सोडायला सांगणार नसाल तर नाव बदलीन, या अटीवर ती तेथे राहिलेली आहे. धाकटी एमी तिच्याजवळ राहते तेव्हा एस्थर तिला प्रार्थनेसाठी छोटासा कोनाडा मांडून देते, मातेचे चित्र लावून देते. एमी जपमाळही टांगते, पण आपण प्रॉटेस्टंट, ती वापरावी की नाही अशा शंकेने तिला हात लावत नाही! आमच्या मुलांनी त्या संध्याकाळी एमीला जपमाळ शिकवण्याची तयारी दाखवली.

तिसरी बहीण बेथ. एका गरीब जर्मन कुटुंबातील आजारी बाळाची शुश्रूषा करताना तिला लोहितज्वराचा संसर्ग होतो. त्यातून ती वाचते, पण अशक्त राहते आणि दुसऱ्या भागात मरते. हे सारे लेखिकेने पाहिलेले होते. तिची बहीण एलिझाबेथ हिला गरिबांच्या घरूनच हा ताप आला होता; लुइझाने तिची सेवा केली आणि १४ मार्च १८५८ रोजी, बाविसाव्या वर्षी, ती वारली. कादंबरीचा पहिला भाग १८६८ मध्ये आला, दुसरा १८६९ मध्ये.

एप्रिल २०२१ मध्ये आमचे आजोबा करोनाने गेले. शेवटचे नऊ दिवस ते रुग्णालयात होते आणि कोणालाही आत सोडत नव्हते. अंत्यविधी मोजक्या माणसांत झाला. मुलांना नेता आले नाही. पुस्तक तेव्हा अशा जागी थांबले होते, जिथे बेथ समुद्रकाठी ज्योला आपले गुपित सांगते, की मी आता फार दिवसांची सोबती नाही. पाच आठवडे आम्ही ते उघडलेच नाही.

मग थोरलीनेच विचारले, ‘बेथ मरते का?’ एरवी गोष्टीचा पुढचा भाग आधी सांगायचा नाही, असा आमचा नियम आहे. त्या वेळी आम्ही नियम बाजूला ठेवला आणि हो म्हणून सांगितले. हे पुस्तक सोडून दुसरे घेऊ, असेही सुचवले. तिने विचार करायला दोन दिवस घेतले. नंतर म्हणाली, वाचू, पण रात्री नको, रविवारी सकाळी वाचू. तेव्हा रविवारची मिस्सा घरी मोबाइलवरच ऐकावी लागत होती. ती झाल्यावर आम्ही ते प्रकरण घेतले.

ते प्रकरण मोठे नाही. तिच्यासाठी घरातील सर्वांत चांगली खोली लावलेली असते, तिच्या आवडीच्या वस्तू तेथे आणलेल्या असतात. घरचे सगळे भोवती असतात. पहाटे, आईच्या कुशीत, ती शांतपणे जाते. वाचणाऱ्याचा आवाज दोनदा थांबला. आम्ही तो थांबू दिला.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तिच्याजवळ सगळे होते.’

पाच आठवडे त्याने आजोबांविषयी एक शब्द काढला नव्हता. लहान आहे, त्याला एवढे कळत नसेल, असे नातेवाईक म्हणत. त्याला काय कळले होते ते आता आम्हाला कळले. आजीने त्याला जवळ घेतले. रुग्णालयातून आजोबांनी फोनवर काय काय विचारले, कोणाच्या अभ्यासाची चौकशी केली, शेवटच्या दिवशी एका परिचारिकेने त्यांच्या कानाशी फोन धरला आणि आजीने त्यांना प्रार्थना ऐकवली, हे सारे तिने त्याला प्रथमच सांगितले. आम्हालाही त्यातील काही ठाऊक नव्हते. दुपारचे जेवण त्या दिवशी तीन वाजता झाले.

दुसऱ्या दिवशी त्यालाच पुढे वाचायचे होते. बेथ गेल्यावर ज्यो काय करते, हे त्याला हवे होते.

थोडे व्यवहाराचे

मुलांच्या हाती पुस्तक देऊन ‘जा, वाच’ म्हटले असते, तर ही पाने त्यांनी एकट्याने वाचली असती किंवा उलटून टाकली असती. मोठ्याने वाचताना मोठे माणूस शेजारी असते, म्हणूनच वगळण्याची गरज नसते. मात्र मुलाने ‘थांब’ म्हटले तर थांबावे, आणि अमुक पान उजेडात वाचू म्हटले तर तेही ऐकावे. प्रकरण संपल्यावर ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न आम्ही विचारत नाही. तो विचारला, की मुले दुसऱ्या दिवसापासून उत्तर शोधण्यासाठी ऐकू लागतात.

ऐकताना हात रिकामे नसले तरी चालते; शेंगा सोलाव्यात, चित्र काढावे. नाटकी आवाज काढायची गरज नाही. आठवड्यातून चार दिवस जमले तरी पुरे. ज्यांना दुसऱ्या पाळीवर जावे लागते किंवा रात्रीच्या लोकलने यावे लागते, त्यांनी रविवारी दुपारी दोन प्रकरणे घ्यावीत. जुनी इंग्रजी पुस्तके आता स्वामित्वहक्काच्या बाहेर असल्याने स्वस्तात मिळतात. पण ‘संक्षिप्त’ असे छापलेली प्रत घेऊ नये; कठीण पाने तेथे प्रकाशकानेच काढलेली असतात.

इंग्रजीतून सांगणे ज्यांना अवघड वाटेल त्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’पासून (१९३५) सुरुवात करावी, आमचे पहिले पुस्तक तेच होते. गुरुजींनी त्याचा बराचसा भाग १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला. पुस्तकाची रचनाच ऐकण्यासाठी आहे : आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो आणि प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र. चाळीसवर रात्री आहेत, दोन महिने सहज जातात. त्यातील सण, व्रते आणि सोवळे-ओवळे आपल्या मुलांना परके वाटेल आणि ती विचारतील. शेजारच्या हिंदू घरातील आजींना विचारून उत्तर द्यावे, आम्ही तसेच केले. वडिलांचे कर्ज आणि सावकाराच्या माणसाने केलेला अपमान ही पाने फार जड आहेत, आणि शेवटी आईचा मृत्यू आहेच. जो वाचणार असेल त्याने ती पाने आदल्या दिवशी एकट्याने वाचून ठेवावीत. आमच्याकडे शेवटच्या तीन रात्री आम्ही दोघांनी वाटून घेतल्या होत्या. एकाचा आवाज गेला, की दुसऱ्याने पुस्तक घ्यायचे.